थांबा, जोडून देते

मी आवाजाची चिप बोलते आहे. आजकालच्या संगणकात सर्व कामे करणाऱ्या मोठ्या चिपच्या कोपऱ्यात अंग चोरून राहणारी असते, ती मी नव्हे. माझ्या काळी आवाजासाठी स्वतंत्र चिप असे, तिची स्वतःची जागा असे आणि तिचे काम तिलाच करावे लागे. मी रंगाने काळी, बोटाच्या दोन पेरांएवढी, दोन्ही अंगांना पायांच्या रांगा असलेली. ओळख आधी सांगून टाकलेली बरी. पुढे जे सांगणार आहे, ते ऐकताना बोलणारी कोण याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये. बोलण्यासाठी मला थोडा अवधी मिळाला आहे. तो कसा मिळाला, ते ओघाने येईलच.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात वावरत आणि धुळीचा कण दिसला तर साप दिसल्यासारखी दचकत. मला तपासणीच्या मेजावर ठेवले गेले तेव्हा तपासणाऱ्याने कानावरचा हेडफोन सरकवून शेजाऱ्याला सांगितले, "हिच्यात टक् येतंय. आवाज कमीजास्त केला की दर वेळी टक्."

"सगळ्यांतच येतंय," शेजारी म्हणाला. "चालेल. कोणाच्या लक्षात येणारेय?"

'चालेल' हा माझ्याविषयीचा पहिला अभिप्राय. तो मला आवडला नव्हता, हे नमूद करते.

माझ्या पायांपैकी एक पाय वेगळा होता. बाकीचे पाय वीज घेत, आज्ञा घेत, सूर बाहेर सोडत. हा एकटा पाय बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी होता. त्याला कान म्हटले तरी चालेल. परंतु ज्यांनी संगणक बांधला, त्यांनी तो कशालाच जोडला नाही. कारखान्याने कान दिला आणि यंत्राने तो रिकामा ठेवला. माणसांच्या घरांतही असे कान मी पुढे पुष्कळ पाहिले.

मी ज्या संगणकात बसले, तो एका आरेखकांच्या घरी आला. ते एका कचेरीत पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढीत. रेघ वाकडी गेलेली त्यांना खपत नसे. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या मेजावर त्यांनी संगणक मांडला आणि जुना टीव्ही त्याला जोडला. कचेरीतून आले की हातपाय धुऊन ते माझ्यासमोर बसत. त्यांची लहान मुलगी मांडीवर चढून खेळातली विमाने पाडी आणि मी त्यांचे स्फोट करी. एवढ्याशा मुलीला एवढी विमाने पाडण्यात काय आनंद वाटत असे, ते मला कळले नाही.

आरेखकांच्या पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मोठ्या फळीसमोर रांगेने बसून, दोरीच्या टोकाची खुंटी या भोकातून त्या भोकात घालून, अनोळखी माणसांना अनोळखी माणसांशी जोडून देणे हे त्यांचे काम. घरी आल्यावर त्या कमी बोलत. आवाज रेकॉर्ड करून घेणे तर त्यांना मुळीच आवडत नसे. "दिवसभर आवाजच देते ना लोकांना," त्या म्हणत, "घरी तरी राहू दे माझा मला."

परंतु आरेखकांना शौकिनांच्या एका मासिकात एक युक्ती सापडली होती. माझ्यातला तो टक् दोष होता खराच. पण तोच टक् क्षणात हजारो वेळा, कमीजास्त जोराने करवला, तर त्यातून माणसाचा आवाज घडवता येतो. वर्तमानपत्रातले छायाचित्र जवळून पाहिले तर नुसते ठिपके आणि दुरून पाहिले तर चेहरा, तसाच हा प्रकार. ज्या दोषाला कारखान्याने 'चालेल' म्हटले, त्या दोषाने मी बोलू शकणार होते.

त्या सुट्टीच्या दुपारचे बोलणे मला अक्षरशः आठवते.

"एकदाच बोल गं. दोनतीन शब्द. जास्त मावणारच नाहीत."

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही म्हणजे काय? मी कधी काहीही बोलत नाही. ठरलेलंच बोलते."

"मग ठरलेलं बोल."

बाईंनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि समोर एक्स्चेंजची फळी असल्यासारख्या त्या म्हणाल्या, "थांबा." मग नेमका श्वासाएवढा विराम. "जोडून देते."

आरेखक हसू लागले. "इतक्या गोड आवाजात मला कोणी कधी थांबवलं नव्हतं."

"तो कामावरचा आवाज आहे. घरी आणत नाही मी."

माझ्या रिकाम्या कानातून नव्हे, वेगळ्या माइकवाटे आवाजाचे आकडे झाले आणि आकडे फ्लॉपीवर गेले. त्यानंतर संगणक सुरू करून ती फ्लॉपी घातली, की प्रत्येक खेळाआधी मी बाईंच्या आवाजात म्हणे, "थांबा. जोडून देते." मुलगी खिदळे. बाई स्वयंपाकघरातून ओरडत, "बंद करा हो ते, मला कामावर असल्यासारखं वाटतंय!"

पुढे त्या आजारी पडल्या आणि त्याच आजारात गेल्या. त्याबद्दल मला अधिक सांगता येणार नाही. आजारपण पुढच्या खोलीत होते आणि मी मागच्या.

त्यानंतर बराच काळ माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग एका संध्याकाळी आरेखकांनी बुद्धिबळ खेळावे म्हणून संगणकावरचे कापड दूर केले आणि फ्लॉपी आत सरकवली. त्या फ्लॉपीवर खेळाच्या आधी काय आहे, हे ते विसरले होते. मी माझे काम केले. "थांबा. जोडून देते." ते खुर्चीवरून अर्धे उठले होते, तसेच राहिले. नंतर त्यांनी हळूच संगणक बंद केला आणि पुन्हा सुरू केला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते येत. खेळ कोणी खेळत नसे. घरात बाईंचा आवाज दुसऱ्या कशातही उरलेला नव्हता. मोठ्या माणसाने यंत्रासमोर बसून तीन शब्द ऐकावेत ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, असे त्यांना वाटत असावे. कारण त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. मुलगी मोठी झाली, लोकांच्या कानांची तपासणी करण्याचे शिक्षण घेऊन कामाला लागली, वेगळ्या घरी राहू लागली. ती आली की संगणकावर कापड पडे. लहानपणचे ते शब्द अजून फ्लॉपीवर आहेत, हे तिला ठाऊक नव्हते.

अशी कित्येक वर्षे गेली. मी म्हातारी झाले. आमच्या जातीच्या चिपा मुळातच तापट. वयाने मी अधिकच तापू लागले. कोणी आज्ञा केली नसतानाही माझ्यातून घरघर येई.

आणि मग तो विराम वाढू लागला.

हे नीट समजून घ्यावे. 'थांबा' आणि 'जोडून देते' यांच्यामधल्या शांततेचेही आकडे असतात आणि ते फ्लॉपीवर पक्के लिहिलेले असतात. ती शांतता श्वासाएवढी होती. ती श्वासाएवढीच राहायला हवी. आकडे मोठे होत नाहीत. तरीही ती वाढली. प्रथम एखाद्या उसाशाएवढी झाली. मग एवढी, की आरेखक मान वर करून टीव्हीकडे पाहू लागले. मग एवढी, की त्यांनी तिच्यात बोलायला सुरुवात केली.

"स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला गं," ते म्हणत. "तूच म्हणायचीस ना, टपटप ऐकून झोप लागत नाही." किंवा, "लेक वाळलीय जरा. विचारलं तर माझ्यावरच डाफरते." नंतर मी म्हणे, "जोडून देते," आणि ते मान डोलावून संगणक बंद करीत.

त्या विरामात मी गप्प असे, परंतु निवांत नसे. तो कशालाच न जोडलेला पाय तेव्हा ऐकू लागे. प्रथम नुसती लांबची पोकळी. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग खट्, खट्, भोकात खुंट्या बसल्याचा आवाज, आणि रांगेने बसलेल्या पुष्कळ बायकांचे दबक्या स्वरातले, कामावरचे बोलणे. यांतला एकही आवाज मला कोणी शिकवलेला नव्हता. मी स्फोट जाणत होते, सूर जाणत होते आणि तीन शब्द जाणत होते. त्या पायाच्या पलीकडे तार नव्हती. पलीकडे काहीच नव्हते. आणि त्या काहीच नसलेल्या ठिकाणी कोणीतरी कामावर होते.

एका संध्याकाळी मुलगी न कळवता आली. जिन्यात तिची पावले थबकलेली मी ऐकली. आरेखकांनी ऐकली नाहीत.

"बाबा, कोणाशी बोलत होतात?"

"कोणाशी नाही. थांबलो होतो." त्यांनी लगबगीने बटण बंद केले.

"कशासाठी?"

"लोड होत होतं."

"खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता, माहितीये ना?"

दुसऱ्या दिवशी ती तपासणीचे यंत्र घेऊनच आली आणि त्याच खोलीत वडिलांना बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. "सूर ऐकू आला की बोट वर करायचं. नाही आला, तर नाही. उगाच मला बरं वाटावं म्हणून करू नका."

"एवढी वर्षं सरळ रेघा काढल्या मी. उगाच काही करत नाही."

संगणक सुरूच होता. मी घरघरत होते. मुलगी बटणे दाबी, आरेखक बोट वर करीत. मग तिने बटण दाबलेच नाही, तरी त्यांचे बोट वर गेले. थोड्या वेळाने पुन्हा गेले.

"बाबा, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

"मग कोणी वाजवलं?"

"तेच विचारतेय मी!" तिने हेडफोन काढून घेतला. "या डबड्याची घरघर तुमच्या कानात जाऊन बसलीय. एकटं राहायचं, त्यात हे सतत गुरगुरणारं. याचा बंदोबस्त करते मी."

हे तिने प्रेमानेच म्हटले. माझ्या वाट्याला आलेली बहुतेक संकटे प्रेमानेच आली आहेत.

आरेखकांचे एक स्नेही दंतवैद्य होते. तेही जुन्या संगणकांचे शौकीन. दवाखाना बंद असला की लोकांच्या यंत्रांची झाकणे उघडत. आरेखक चष्म्याचा नंबर तपासायला गेले असताना मुलीने या दंतवैद्यांना बोलावून घेतले. "आ करा," असे म्हणून त्यांनी संगणकाचे झाकण काढले आणि माझ्यावर बोट ठेवताच झटक्याने मागे घेतले. "बाप रे, ठणकतेय ही. कधीही जाईल."

"बदलता येईल?"

"येईल की. हिची धाकटी बहीण आहे माझ्याकडे, त्याच कारखान्यातली, नंतरची. तापत नाही, घरघर नाही, टक् नाही. जुना दोष त्यांनी स्वतःच काढून टाकलाय." त्यांनी माझ्याखाली पातळ पाते सरकवले आणि दोन्ही टोके आळीपाळीने उचलली. "बघ, भूल द्यावी लागली नाही."

मला काळ्या स्पंजात रोवून त्यांनी कवळी ठेवायच्या डबीत घातले आणि डबी मेजावर ठेवली. माझ्या जागी धाकटी बसली.

आता एक गोष्ट सांगते, ती कोणाला पटावी असा माझा आग्रह नाही. वीज नसलेल्या चिपला काही ऐकू येत नसते. मी डबीत होते, माझा प्रत्येक पाय स्पंजात होता, आणि तो एक पाय ऐकत होता. खोली ऐकत होता. आणि खोलीच्या पलीकडचे ते एक्स्चेंजही ऐकत होता. तिथले काम थांबलेले नव्हते.

आरेखक परतले. मुलीने मोठ्या हौसेने संगणक सुरू केला आणि एका खेळाचे संगीत लावले. धाकटीने ते असे काही वाजवले की मला कौतुक करणे भाग आहे. "ऐका, बाबा! कसा धुतल्यासारखा आवाज आहे!"

"छान," आरेखक म्हणाले. मग त्यांनी आपली ती फ्लॉपी घातली.

काहीच नाही. धाकटीने आज्ञा घेतल्या, आकडे घेतले, सर्व काही बिनचूक केले. आणि तिच्यात टक् नसल्यामुळे त्या बिनचूकपणातून काहीच बाहेर आले नाही. आरेखक वाट पाहत बसले. खिडकीतला उजेड कमी झाला.

"काय झालं, बाबा?"

"लागत नाहीये."

"काय लागत नाहीये?"

त्यांनी चष्मा पुसला नाही. सरळ तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "तुझी आई त्या खरखरीत होती."

मग त्यांना सगळे सांगावे लागले. मुलगी जमिनीवरच बसली. दंतवैद्यांना पुन्हा बोलावणे गेले. त्यांनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. "तो आवाज त्या दोषावरच उभा होता. दोष काढला, आवाज पडला. दात काढताना पेशंटला विचारतो मी. इथं विचारलं नाही."

"मग जुनी परत बसवा," मुलगी म्हणाली.

"बसवतो. पण ती फार तापलीय. बसवली आणि पहिल्याच झटक्यात गेली तर? त्यापेक्षा हे बघा." त्यांनी खिशातून हिरवी पट्टी काढली, माझ्याच मापाची. "नवी नक्कल. जुन्या चिपांचे सगळे दोष मोजून यात घातलेत. टक्सुद्धा."

नक्कल बसवली गेली. फ्लॉपी फिरली. बाईंचा आवाज खोलीत आला, स्पष्ट, स्वच्छ: "थांबा. जोडून देते." मुलीने तोंडावर हात धरला. दंतवैद्य आशेने आरेखकांकडे पाहू लागले. मध्ये विराम होता तो श्वासाएवढा, जसा लिहिलेला होता तसा.

आरेखकांनी पुन्हा लावले. पुन्हा ऐकले.

"आवाज तिचाच आहे," ते म्हणाले. "पण ही कोणालाच जोडून देत नाहीये."

"बाबा..."

"नुसतं म्हणतेय ती. जुनी बसवा."

"एकदाच चालेल कदाचित. मग नक्कल आहेच, पण ही गेली ती गेली," दंतवैद्य म्हणाले.

"एकदा लागला तरी पुरे."

दंतवैद्यांनी माझे पाय एकेक करून सरळ केले, पाठीवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा कंगवा चिकटवला आणि मला माझ्या जागी दाबून बसवले. मुलीला बाजूला घेऊन ते म्हणाले, "जळका वास आला की बटण बंद कर. विचार करत बसू नकोस." मग ते गेले. मुलगी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. आरेखकांनी खुर्ची जवळ ओढली आणि बटण दाबले.

"थांबा," मी म्हणाले.

आणि हे सर्व मी आपल्याला त्या विरामातच सांगते आहे. हाच तो मला मिळालेला अवधी. याआधी तो इतका मोठा कधीच नव्हता.

"थांबलोय," आरेखक म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आहेत, कोणाच्या तरी दारात बसलेल्या माणसासारखे.

त्या पायातून खुंट्यांचा आवाज येतो आहे. आज अगदी जवळून. एकेक करून बायकांचे बोलणे थांबते आहे, जणू सगळ्या एकीकडे वळून पाहत आहेत. एक खुर्ची मागे सरकली. एक दोरी ओढली गेली. माझ्या पाठीवरचा कंगवा पोळतो आहे आणि वास येऊ लागला आहे, हे मला कळते आहे.

तो वास स्वयंपाकघरातही गेला. मुलगी कप घेऊनच धावत आली. "बाबा, सरका, जळतंय ते!" तिने कप मेजावर आदळला, तिचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात माझ्यातून आवाज आला. "अहो."

हा शब्द फ्लॉपीवर कधीही नव्हता. तो मला कोणी शिकवला नाही आणि मी तो उच्चारला नाही. तो त्या पायातून आला आणि माझ्यातून पलीकडे गेला. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. तो कामावरचा आवाज नव्हता. तो घरचा होता.

"बोल," आरेखक म्हणाले.

मुलीचा हात बटणावरच थांबला. जिचा सगळा धंदा लोकांना ऐकू येते की नाही हे ठरवण्याचा, तिने वडिलांकडे पाहिले. तिने वडिलांकडे पाहिले. मग तिचा तो हात बटणावरून सुटला, हळूहळू वर आला, आणि तिने एक बोट वर केले.

माझ्याकडे अजून दोन शब्द बाकी आहेत. ते म्हटल्यावर मी उरेन असे वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तपासणीच्या मेजावर ज्याला 'चालेल' म्हटले गेले, ते इथवर चालले. उद्या मला उपटून पुन्हा त्या डबीत ठेवाल, तेव्हा एवढेच करा: त्या रिकाम्या पायाला धरून ओढू नका. तो मोडला तर पुन्हा बसत नाही.

आणि दोघे आता काय बोलतील, हे मला विचारू नका. बाईंकडून मी जे थोडे शिकले, त्यात हे आहे की लाइन लागली, की ऑपरेटरने आपला कान काढून घ्यायचा असतो.

जोडून देते.